नदीसाठी भागीदारी करताना आधी विचारा: कोण काय थांबवणार?

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. म्हादईला मिळणारी एक लहान नदी तुमच्या गावातून वाहते. गेल्या मे महिन्यात गावच्या मोठ्या कोंडात, म्हणजे नदीतल्या खोल डोहात, मेलेले मासे तरंगले आणि त्यानंतर गावातली तुम्ही काही पोरं एकत्र आलात. आता पणजीची एक संस्था मदतीला तयार आहे, एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पैसे देऊ म्हणतेय, वन खात्याचे अधिकारी नदी बघून गेले आहेत. या सगळ्यांना एकत्र आणणारा सामंजस्य करार कसा लिहावा आणि त्याचा नमुना मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

करारात काय असावं ते पुढे सांगतोच. पण तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली: "मे महिन्यात कोंड सोडला तर नदीत पाणीच नसतं." खरा प्रश्न इथे आहे. मे महिन्यात त्या कोंडात पाणी किती उरतं आणि उरलेल्या पाण्यात विष कोण घालतं, या दोन गोष्टींवर तुमच्या नदीचं पुढचं वर्ष ठरतं. करारावर ज्यांच्या सह्या व्हायच्या आहेत, म्हणजे संस्था, कंपनी, वन खातं, पंचायत, त्यांच्यापैकी कुणीच रोज त्या पाण्याला हात लावत नाही. जे लावतात त्यांचं नाव तुम्ही घेतलेलं नाही. वरच्या अंगाला कुळागरं (पोफळीच्या बागा) असलेले, पंप लावणारे बागायतदार. रात्री मासे मारायला उतरणारी माणसं. गुरं पाण्यावर नेणारे. कपडे घेऊन कोंडावर येणाऱ्या बायका. बंधाऱ्याच्या फळ्या घालणारा आणि काढणारा माणूस. खरी भागीदारी यांच्याशी व्हायला हवी, बाकीच्यांनी तिला टेकू द्यायचा.

गोव्यात नद्या आणि खाजनांच्या (खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांच्या) कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. भागीदारीच्या बैठकीत प्रत्येक जण आपण काय देणार ते सांगतो: कुणी रोपं, कुणी पैसे, कुणी तज्ज्ञ, कुणी परवानगी. देण्याची यादी कितीही लांबली तरी नदीवरचा भार तेवढाच राहतो. म्हणून मी दुसरी यादी मागतो. तुम्ही काय करायचं थांबवणार? कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत? आणि ते थांबवल्यामुळे होणारं नुकसान कोण सोसणार? हा तिसरा प्रश्न विचारायचा राहून गेला की करार सगळ्यात गरिबाच्या माथी बसतो. ज्याच्याकडे पंप आहे त्याला कुणी बोलत नाही आणि ज्याच्याकडे फक्त पागेर (हाताने फेकायचं जाळं) आहे त्याला नदीत उतरू नको म्हणून सांगतात. असे करार पहिल्या उन्हाळ्यातच मोडतात, आणि ते मोडायलाच हवेत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या नदीचा टप्पा म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हे आधी नकाशावर पाहा. १९९९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं आहे. नदी हद्दीत असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि मासेमारीबद्दलचा कोणताही ठराव वन्यजीव विभागाशी बोलल्याशिवाय करता येणार नाही. हद्दीबाहेर असेल तर गावाच्या हातात बरंच काही आहे. दुसरं, काठाची जमीन कोणाची? सत्तरीत आल्वारा आणि मोकासा या पोर्तुगीज काळापासूनच्या जमिनींच्या मालकीचा गुंता कुणाला सांगायला नको. ज्याच्या नावावर जमीनच झालेली नाही तो काठावरची झाडी राखायला तयार झाला, तरी उद्या आपल्याला हुसकून लावतील ही धास्ती त्याच्या मनात असते. त्यात जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करायचा आदेश दिल्यापासून वन खात्याचं नाव काढलं की लोक सावध होतात. त्यामुळे पहिल्याच बैठकीत वन खात्याची जीप गावात उभी राहणार असेल तर नदीबद्दल कुणी मोकळेपणाने बोलणार नाही. वन खातं भागीदार हवंच, पण ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीला आलेलं बरं.

आता कोंडाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे कारणं समजली नाहीत तर पुढचं सगळं वरवरचं होतं.

घाटाच्या पायथ्याच्या नद्यांना पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळतो. त्यानंतर नदीत जे वाहतं ते डोंगरात मुरलेलं पाणी, झऱ्यांमधून हळूहळू बाहेर येणारं. फेब्रुवारीपासून ती धार बारीक होत जाते. एप्रिलमध्ये नदी तुटते आणि कोंडांची माळ उरते. खडस, मरळ, शेंगटी, लहान-मोठी सगळी मासळी, खेकडे, झिंगे हे त्या कोंडांमध्ये आसरा घेऊन असतात. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर हेच मासे वर चढतात, व्हाळांत (ओहोळांत), शेतांत जाऊन अंडी घालतात. आपल्याकडे चढणीच्या माशांचं एवढं कौतुक असतं, पण ते मासे येतात कुठून? मे महिन्यात कोंडात जे जिवंत राहिले तेवढेच चढतात. म्हणजे नदीच्या लांबच लांब टप्प्याचं बियाणं मे महिन्यात एका लहानशा जागेत गोळा झालेलं असतं. नेमकं तेव्हाच पाणी कमी, मासा सहज दिसतो आणि हाताशी येतो. त्या वेळी कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर एका कोंडाची मासळी जाते असं वाटतं, प्रत्यक्षात पुढच्या पावसाळ्याची जाते.

पूर्वीही विष घालत असत, गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून. त्या पद्धतीचं मी समर्थन करत नाही, पण फरक समजून घ्यायला हवा. ते तयार करायला चार माणसांची दिवसभराची मेहनत लागे, आणि पुष्कळदा सगळा गाव मिळून ते करत असल्याने कधी, कुठे आणि किती यावर गावाचं लक्ष असे. आज एक माणूस खिशात पिशवी घालून रात्री जातो. ब्लीचिंगने माशाबरोबर अंडी, पिल्लं, बेडूक, दगडाखालचे किडे, सगळंच जातं. १८९७ सालच्या मासेमारी कायद्यापासून विष आणि स्फोटकं दोन्हींना मनाई आहे, पण मध्यरात्री कोंडावर कायदा पोचत नाही. तिथे पोचतो गावाचा शब्द.

म्हणून माझा सल्ला असा, की सगळी नदी वाचवायच्या गोष्टी सोडा आणि एकच कोंड राखीव ठेवा. सगळ्यात खोल, बारमाही पाण्याचा, शक्यतो देवस्थानाजवळचा. तिथे वर्षभर कुणीही मासा मारायचा नाही, गळानेसुद्धा नाही. बाकीच्या कोंडांत जाळ्याने, गळाने मासेमारी चालू राहू द्या, फक्त विष आणि जिलेटीन बंद. यामुळे रोजच्या कालवणासाठी नदीवर अवलंबून असलेल्या घराचं नुकसान कमीत कमी होतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा म्हणून तिथले मासे कुणी मारत नाही आणि मोठमोठे महसीर तिथे माणसाच्या जवळ येतात. कुठल्याही खात्याच्या फलकाने एवढं काम केलेलं मी पाहिलेलं नाही. तुमच्या गावातही देवराई राखली गेली असेल तर ती याच रीतीने. गावकारांना, भटजींना, मांडावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना भेटा. कोंड देवाच्या नावाने सोडायचा असेल तर गाऱ्हाणं घालून सोडा. त्यानंतर हवा तर ग्रामसभेचा ठराव करा. क्रम उलटा केलात तर ठराव कपाटात राहतो.

इथे एक काळजी घ्या. देवाचं नाव पुढे करून एखाद्या वाड्यावरच्या लोकांना पाण्यापासून दूर ठेवण्याचा प्रकार होऊ देऊ नका. गुरांचं पाणी, बायकांचं धुणं, मुलांचं पोहणं चालू राहिलं तरच राखीव कोंड सगळ्यांचा वाटतो. धुण्याचा साबण कोंडात जाऊ नये म्हणून खालच्या अंगाला दोन धोंडे नीट लावून जागा करून दिली की पुरतं.

पाण्याचा हिशेब याहून अवघड आहे, कारण तिथे गावातल्या वजनदार माणसांशी बोलावं लागतं. पोफळीला उन्हाळ्यात पाणी लागतंच. पूर्वी व्हाळाला तात्पुरता बांध घालून पाटाने पाणी कुळागरात फिरवत आणि बरंचसं पाणी झिरपून परत नदीलाच मिळे. शिवाय पाटाच्या पाळ्या ठरलेल्या असत, कुणाचं पाणी कधी ते सगळ्यांना माहीत असे. पंप आले आणि पाळी गेली. रात्री वीज बरी असते म्हणून सगळे पंप एकाच वेळी सुरू होतात आणि पहाटेपर्यंत कोंडाची पातळी उतरते. प्रत्येकाचं पाणी थोडंच असतं, पण सगळे मिळून एकाच रात्री ओढतात हा घात आहे.

सत्तरीतल्याच एका गावात आम्ही हे असं सोडवलं. कोंडातल्या एका उभ्या खडकावर रंगाने तीन पट्टे मारले. पाणी वरच्या पट्ट्याच्या वर असेपर्यंत कुणावर बंधन नाही. मधल्या पट्ट्यावर आलं की पंप पाळीने, एक रात्र वरच्या वाड्याचे, एक रात्र खालच्या वाड्याचे. खालच्या पट्ट्याला टेकलं की नदीवरचे पंप बंद आणि फक्त विहिरी. पट्टे कुठे मारायचे ते आम्ही ठरवलं नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्या बागायतदारांनी ठरवलं, त्यांना कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं ते खडकावरच्या डागांवरून सांगता येत होतं. पट्टा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे "माझ्या पंपाने काय होतंय" हा वाद कमी झाला. खालच्या पट्ट्याच्या वेळी ज्यांची विहीर नव्हती त्यांच्या झाडांसाठी आधीच ठिबक बसवून दिलं होतं. बाहेरून आलेला पैसा तिथे कामाला आला. पहिल्या वर्षी कुरबुर झाली, एका रात्री चोरून पंप चाललाही. पण दुसऱ्या दिवशी पाळीवाल्यांनीच त्याला जाऊन विचारलं, आम्हाला मध्ये पडावं लागलं नाही. पाण्याची राखण ज्याच्या स्वतःच्या पाळीशी जोडलेली असते तो ती करतोच.

हे तत्त्व मी मुळात खाजनांत शिकलो. गोव्यात नदीशी केलेली सगळ्यात जुनी भागीदारी म्हणजे खाजनं. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ यांच्या खालच्या टप्प्यांत भरतीचं खारं पाणी शेतात येतं. ते अडवायला चिखलाचे बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ओहोटीच्या पाण्याबरोबर येणारे शेवटे, काळुंद्रं, झिंगे मानशीवर जाळं लावून पकडतात, आणि तो हक्क पावणीत (लिलावात) जातो. पावणीचा पैसा बांधाच्या दुरुस्तीला. शेतकऱ्याला खारं पाणी नको, मासे मारणाऱ्याला हवं; दोघांचं पटावं अशी ही व्यवस्था. भात उभं असताना दारं मिटलेली राहतात, कापणी झाली की खारं पाणी आत घेता येतं.

ही व्यवस्था कुठे मोडली ते पाहा. भातशेती परवडेनाशी झाली, शेतकरी बांधाकडे फिरकेनासा झाला, कोमुनिदादचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, धाक गेला, टेनंट असोसिएशन (कुळांची संघटना) कितीतरी ठिकाणी कागदावर राहिली. मग पावणी घेणाऱ्याला दारं उघडी ठेवायला कुणी अडवेना. खारं पाणी वर्षभर आत, शेत पडीक, बांधाला भगदाडं, आणि काही वर्षांत तिथे तिवरांचं रान. तिवर, कांदळ, चिपी या झाडांशी माझं वैर नाही, खाडीला ती हवीतच. पण फुटलेल्या बांधातून वाढलेलं रान बघून "निसर्ग परत आला" असं म्हणणाऱ्यांना मी बांधाच्या आतल्या विहिरी दाखवतो, त्यांचं पाणी खारं झालेलं असतं. दार सांभाळणाऱ्याचं पोट शेतावर अवलंबून होतं तोवर दार वेळेवर मिटत होतं. तुमच्या बंधाऱ्याच्या फळ्या सांभाळायचं काम ज्याला द्याल, त्याची बाग बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल असं बघा.

फळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पावसाळा संपल्यावर वसंत बंधाऱ्यांवर फळ्या घालतात, त्या एका दिवसात सगळ्या घातल्या तर बंधाऱ्याखालची नदी कित्येक दिवस कोरडी पडते. एक-एक फळी, काही दिवसांच्या अंतराने, आणि सगळ्यात खाली थोडी फट, एवढीच मागणी जलस्रोत खात्याकडे लेखी करा. यात खात्याचा पैसा लागत नाही. त्याच पत्रात काठाला काँक्रीटची भिंत न बांधण्याची मागणी घाला. जिथे घर किंवा रस्ता धोक्यात आहे तिथे भिंतीला पर्याय नसतो, हे मान्य. बाकी काठ वाळुंज, शेरणी, करंज, उंबर धरून ठेवतात. पाणमांजर या मुळांखालच्या पोकळीत राहतं. कोंडाजवळच्या सपाट खडकावर कधी सकाळी बघा, खवले आणि खेकड्याची कवचं मिसळलेली त्याची विष्ठा सापडेल. ती सापडली तर तुमच्या नदीत अजून पुरेशी मासळी आहे. भिंत झाली की ही जागा कायमची जाते.

कंपनीच्या पैशाबद्दल. घ्या, पण तीन गोष्टी आधी बोलून. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, तेव्हा हा पैसा म्हणजे उपकार नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि नदीचा कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. मार्चच्या घाईत जेसीबी बोलावणं सगळ्यात सोपं असतं. मी एका ठिकाणी बघितलं आहे, कंपनीच्या पैशातून "नदी साफ" करताना पात्रातले धोंडे उचलले, काठची शेरणी उपटली, गाळ काठावर टाकला. फोटो छान आले. त्या पावसाळ्यात काठ कोसळून दोन बागांच्या पोफळी नदीत गेल्या. तेव्हा कंपनीला सांगा, की हे काम "चालू प्रकल्प" म्हणून घ्या. त्यात सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवता येतं आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. दुसरं, पात्रात कोणतंही यंत्र उतरणार नाही. तिसरं, नोंदी गावाच्या मालकीच्या, आणि त्या उघडपणे लावायला कंपनीची हरकत नसेल.

तिसऱ्या अटीला कंपनी बिचकली तर तिचं स्वतःचं काही नदीच्या वरच्या अंगाला आहे का, ते शोधा. खाणींच्या काळात खांडेपार आणि डिचोलीच्या नद्यांत किती लाल माती आली ते आपण विसरलेलो नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, पण मातीचे डंप अजून डोंगरांवर आहेत आणि पावसात त्यांचा गाळ उतरतोच. जी कंपनी आपल्या डंपाभोवतीचे चर आणि सांडपाणी ठीक करायला तयार नाही, तिने आपल्या नदीवर झाडं लावू नयेत, असं मी स्पष्ट म्हणेन.

नोंदी कशा ठेवायच्या? महागडी उपकरणं लागत नाहीत. वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला आणि उलटा करा. खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे पळताना दिसले, वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक घरं दिसली, तर पाणी चांगलं. नुसता शेवाळाचा बुळबुळीत थर आणि लाल किडे असतील तर वर कुठेतरी सांडपाणी मिसळतंय. हे शाळेतली मुलंही करू शकतात. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांची मदत घ्या, पण नमुना पहाटे घ्यायला सांगा. दुपारी उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि आजारी नदीही ठणठणीत दिसते. आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) हा मान्य निकष आहे. पहाटेचा ऑक्सिजनचा आकडा ५ च्या खाली गेला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला तारीख, वेळ, जागा लिहून कळवा. अंदाजाने लिहिलेल्या तक्रारीपेक्षा अशा पत्राकडे लक्ष दिलं जातं.

गावातले काही जण म्हणतील, कर्नाटक पाणी वळवणार तेव्हा आपण कोंड राखून काय उपयोग? या प्रश्नाला बगल देऊ नका. म्हादई पाणीवाटप लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा या म्हादईला मिळणाऱ्या प्रवाहांवरून मलप्रभेच्या खोऱ्यात न्यायचं आहे. ही लढाई न्यायालयात आणि सरकारी पातळीवर आहे आणि ती लढलीच पाहिजे, माझी त्याबद्दल तीव्र भावना आहे. पण म्हादईच्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी १,५८० चौरस किलोमीटर गोव्यात आहे. ते आपल्या हातात आहे. आपलीच उपनदी मेमध्ये आपल्याच पंपांनी तुटत असेल, तर आपली मासळी वाचवा म्हणून सांगताना आपली बाजू लंगडी पडते. तुमच्या पट्ट्यांच्या खडकाच्या नोंदी पाच-सहा वर्षं सलग राहिल्या तर त्या या लढाईतही कामाला येतील.

आता कागदाबद्दल. करार एका पानाचा आणि मराठीत. ग्रामसभेत मोठ्याने वाचता येईल असा. त्यात पहिल्या भागात नदीचा टप्पा, कुठल्या खडकापासून कुठल्या बंधाऱ्यापर्यंत, गावात म्हणतात त्या नावांनी. दुसऱ्यात प्रत्येकाने काय थांबवायचं आणि कोणत्या तारखांना: बागायतदारांनी पट्ट्याप्रमाणे पंप, मासे मारणाऱ्यांनी विष आणि राखीव कोंड, जलस्रोत खात्याने एकदम फळ्या घालणं, कंपनीने यंत्रं, संस्थेने नोंदी पणजीला घेऊन जाणं आणि इंग्रजीत ठेवणं. तुम्हा पोरांनीही काही थांबवावं लागेल: विष घालणाऱ्याचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकणं. एकदा माणूस असा उघडा पडला की तो आणि त्याचे भाऊबंद कायमचे विरोधात जातात. तिसऱ्या भागात नुकसान कोण सोसणार, रकमेसकट. चौथ्यात नियम मोडला तर आधी कोण जाऊन बोलणार, मग कुठे बैठक, आणि कोणत्या टप्प्यावर पोलीस किंवा खातं. पाचव्यात दरवर्षी चतुर्थीनंतर एकदा सगळे बसून बदल करणार, हे.

हा कागद हवेत राहू नये म्हणून पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला जोडा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत ही समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या पंचायतीत ती नावापुरती असेल तर ग्रामसभेत प्रश्न विचारून ती जागी करा आणि त्यात एक मासे मारणारा, एक बागायतदार आणि निदान दोन बायका येतील हे पाहा. शेजारच्याच डिचोली तालुक्यातल्या सुर्ल गावची पुर्वतळी राय (देवराई) याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे, त्यामुळे ही वाट आपल्या भागाला अनोळखी नाही. गावात गावडा, वेळीप किंवा कुणबी समाज असेल तर २००६ च्या वन हक्क कायद्याखालचे सामूहिक हक्क वेगळे बघावे लागतील. जंगलातल्या पाण्यातली मासळी आणि जंगल राखण्याचा हक्क दोन्ही त्यात येतात.

तर क्रम असा धरा: आधी नदीवर हात असलेल्यांशी घरोघरी बोलणं, मग एक कोंड, मग खडकावरचे पट्टे, मग खाती आणि कंपनी, आणि शेवटी कागद. आता पावसाळा तोंडावर असेल तर लगेच दुसरं काही करू नका, चढणीच्या दिवसांत नदीवर फिरा आणि मासे कुठल्या व्हाळातून वर जातात ते वहीत टिपा. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तसंच इथेही व्हाळांच्या तोंडाशी जाळी आणि सापळे लावून वाट अडवायची नाही, एवढं पहिल्या सरींपुरतं गावाला पटवता आलं तरी खूप झालं.

पुढे लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा. कोंडाच्या वरच्या अंगाला नदीवर थेट किती पंप आहेत आणि त्यातले किती विहिरीवर वळवता येतील. बंधारा कोंडाच्या वर आहे की खाली. आणि मेमध्ये मासे मेले तेव्हा खेकडे आणि झिंगेही मेलेले दिसले होते का, की नुसते मासे, आणि ते पहाटे दिसले की दुपारी. नुसते मोठे मासे पहाटे मेलेले असतील तर विषाऐवजी पाणी तापून ऑक्सिजन संपल्याची शक्यता आहे. मग विष घालणाऱ्याला शोधत बसण्याआधी पंपांचं बघावं लागेल.